मरायचा नंबर

इसोबे-सान तलवार उगारून, घसा फाटेल असं ओरडत माझ्या अंगावर आले आणि मी मेलो.

मेलो म्हणजे अगदी रीतसर मेलो. आधी गुडघे दुमडले, मग कमरेत अर्धा वळलो, डावा हात छातीवर नेला आणि नदीकाठच्या त्या कमरेएवढ्या गवतात असा अलगद पसरलो, की चिलखताची एक पट्टीसुद्धा वाजली नाही. डोळे उघडे ठेवून आभाळाकडे बघत पडलो. अण्णा सरनाईकांनी तसंच शिकवलं होतं. मेलेल्याचे डोळे उघडे असले की शेवटच्या रांगेतल्या बायकासुद्धा हळहळतात, असं त्यांचं म्हणणं.

घोटाळा एवढाच झाला, की मरायचं मला नव्हतंच. इसोबे-सानना होतं.

कॅमेरा चालू होता. अख्खं युनिट श्वास रोखून उभं होतं. इसोबे-सानची तलवार अजून डोक्यावरच होती आणि आता तिचं काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती खाली घेतली, वाकून माझं तोंड नीट निरखलं आणि जपानीत काहीतरी बोलले. तो सगळा नदीकाठ हसायला लागला.

आमची दुभाषी ऋजुता बापट, पुण्याची मुलगी, कॅमेऱ्यामागून पोट धरून ओरडली, "इद्रिस, ते म्हणतायत फार सुंदर मेलास! पण आज मरायचा नंबर माझा आहे!"

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. माझ्या दाढीत आता काळं शोधावं लागतं. तरी ते गवत आठवलं की आजही पोटात फुलबाज्या उडतात आणि ज्याला त्याला धरून हे सगळं सांगत सुटावंसं वाटतं. तेव्हा आता तुमची सुटका नाही.

मी इद्रिस सिद्दी, मुरूडचा. आमचे पूर्वज कधीकाळी जहाजांतून आफ्रिकेहून आमच्या किनाऱ्याला लागले. कोणी गुलाम म्हणून आले, कोणी शिपाई म्हणून, त्यातले काही पुढे सरदार झाले. आमची शाखा सरदारांची नसावी, कारण आमच्या वाट्याला किल्ला न येता एक शिडाची होडी आली. थोरला भाऊ त्या होडीतून पर्यटकांना जंजिऱ्यात न्यायचा आणि मी शिडाचा दोर धरून बसायचो. अर्ध्या वाटेवर गाइड रंगात येऊन 'क्रूर सिद्दी'ची गोष्ट सुरू करायचा आणि होडीतली मंडळी हळूच माझ्याकडे बघायची. एकदा एका आजोबांनी विचारलं, "तुम्ही कुठले?"

"मुरूडचा."

"हो हो, पण मूळचे?"

"मूळचा एस.टी. स्टँडच्या मागचा."

गिऱ्हाइकाशी असं बोलतात का म्हणून भावाने नंतर माझ्यावर बरंच तोंडसुख घेतलं.

विसाव्या वर्षी मी अण्णा सरनाईकांच्या ऐतिहासिक महानाट्यात लागलो. मोठं मैदान, खरे घोडे, तोफांचे बार, वर आतषबाजी. त्यात एका सिद्दी सरदाराचं काम होतं आणि ते मलाच मिळणार यात मला तिळमात्र शंका नव्हती. अण्णांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तू खरा सिद्दी आहेस हे कबूल. पण तू सिद्दी वाटत नाहीस. चेहरा फार गरीब आहे रे तुझा. सिद्दी कसा, गडगडाटी हसला पाहिजे."

ते काम पराग दामले करायचा. गोरा, घारा, सदाशिव पेठेतला. प्रयोगाआधी तो तोंडाला, मानेला, हातांना काळा रंग फासून घ्यायचा आणि रोज न चुकता माझ्याकडे येऊन माझ्या मनगटाला मनगट लावायचा. "इद्रिस, बघ रे, शेड बरोबर आलीय का?" मीही इमानदारीत सांगायचो, "कानामागे राहिलंय." राग यायचा का? यायचा. पण पराग इतका मनमोकळा माणूस, की त्याच्यावर काढता यायचा नाही. तो तसाच घरी घेऊन जायचो.

माझं काम पडायचं. एका प्रयोगात तीनदा मरायचो, एकदा विजापूरचा शिपाई, एकदा मोगलांचा, शेवटी सिद्दीचा. फक्त डोक्यावरचं बदलायचं. समोरच्यानं तलवार उगारली आणि ओरडला, की पडायचं. विचार करायचा नाही, पडायचं. गावोगाव, मैदानोमैदानी मी वर्षानुवर्षं पडलो आणि खोटं कशाला बोलू, छान पडायचो.

जवळपास प्रयोग असला की अम्मा यायची. पण तलवारी म्यानातून निघाल्या की उठायचीच. "मी जरा चहा पिऊन येते," म्हणायची. तिला चहा आवडत नाही. एकदा मी विचारलं तर कडाडली, "पोटच्या पोराला मरताना बघायला मी तिकीट काढू?"

अशात मोरिकावाबाई आमच्या होडीत बसल्या. जपानच्या दिग्दर्शिका, वय पस्तिशीच्या आत-बाहेर, उंची ऋजुताच्या खांद्याएवढी आणि आवाज कप्तानाचा. सामुरायांच्या जमान्यातलं पिक्चर काढायला निघाल्या होत्या. गोष्ट त्यांच्या मनातली. चारशे वर्षांपूर्वी आमच्या किनाऱ्यावरचा एक हबशी खलाशी पोर्तुगिजांच्या जहाजातून जपानला पोचतो, तिथल्या एका सरदारीणबाईंचा अंगरक्षक होतो आणि शेवटी त्यांच्या बाजूने तलवार घेऊन उभा राहतो. रंग फासलेला माणूस या कामाला चालणार नाही, हा बाईंचा हट्ट होता आणि त्यापायी त्यांनी ऋजुताला घेऊन आमचा किनारा पालथा घातला होता. आमच्या गाइडने 'क्रूर सिद्दी' सुरू केलं, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, बाईंनीही बघितलं. फक्त त्यांनी नजर हलवली नाही.

उतरताना ऋजुता म्हणाली, "या विचारतायत, तलवार धरता येते का?"

"धरता येते," मी म्हटलं. "चालवलेली नाही कधी."

हे तिने भाषांतर केलं की नाही कुणास ठाऊक.

असा मी क्योटोजवळच्या एका जुन्या स्टुडिओत पोचलो आणि थेट हिरो झालो. खोटी शेंडी, खरं चिलखत, बांबूची तलवार, वरून चांदीसारखा चकाकणारा मुलामा. पहिल्या दिवशी आरशात बघितलं तर हसूच फुटलं. मग हसू थांबलं. चिलखत घातलेला, काळा, रुबाबदार एक माणूस आरशातून माझ्याकडे बघत होता आणि तो कुणाच्या हातून मरायला आलाय असं मुळीच वाटत नव्हतं. मी वळून ऋजुताला विचारलं, "कसा दिसतो?"

ती म्हणाली, "तुझ्या चेहऱ्यात गरीब काय दिसलं होतं रे त्यांना?"

त्या आरशासमोर मी मनात ठरवून टाकलं, की हे पिक्चर अम्माला शेवटपर्यंत बघायला लावायचं. चहाला उठू द्यायचं नाही.

आणि आता शेवटच्याच प्रसंगात मी गवतात मरून पडलो होतो.

प्रसंग साधा होता. शत्रूकडचा म्हातारा योद्धा धावून येतो. मी डावीकडे एक पाऊल टाकायचं, त्याच्या पोटावर आडवा वार करायचा, आणि मग नुसतं उभं राहायचं. कॅमेरा सावकाश माझ्या चेहऱ्यावर येणार आणि तिथेच पिक्चर संपणार. तालमी झकास झाल्या होत्या, कारण तालीम संथपणे व्हायची आणि तालमीत कुणी ओरडायचं नाही. माझ्या गुडघ्यांना त्या ओरडण्याची सवय होती हे मलाही ठाऊक नव्हतं.

इसोबे-साननी मला हात देऊन उठवलं. त्यांच्या मंडळींत रीत होती, की ज्याला पाडलं त्याला पाडणाऱ्यानेच हात देऊन उठवायचं. इसोबे-सान सत्तरीच्या पुढचे, काटक, कपाळावर जुनी खोक. त्यांचा धंदा माझाच. सामुरायांच्या पिक्चरमध्ये हिरोच्या हातून मरायचं. तरुणपणापासून तेच करत आले होते आणि त्यांच्या पिढीतले सगळे हिरो त्यांना मारून मोठे झाले होते.

"दुसरा टेक!" सहायक दिग्दर्शक नागाई ओरडला.

दुसऱ्या टेकला मी गुडघे दगडासारखे घट्ट केले. गुडघे राहिले, पण मान खाली गेली आणि डोळे मिटले. उभ्या उभ्या मेलो.

तिसऱ्या टेकला पाऊल बरोबर पडलं. वार बरोबर बसला. इसोबे-सान कोसळले. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आणि त्या आनंदातच मीही त्यांच्या मागोमाग कोसळलो. नदीकाठी दोन मुडदे. पिक्चर खलास.

या खेपेला फारसं कुणी हसलं नाही. आता इसोबे-सानना मी उठवायचं की मला त्यांनी, हेही कुणाला कळेना. आम्ही दोघे एकमेकांना धरून उठलो.

नागाई मनाने वाईट नव्हता, पण सगळ्या युनिटचं घड्याळ त्याच्या मनगटावर होतं. समोरच्या डोंगराची सावली दुपारनंतर गवतावर यायची आणि उद्या सगळा तांडा दुसरीकडे हलायचा होता. तो बाईंशी खालच्या आवाजात बोलत होता. मी ऋजुताकडे बघितलं. तिने नजर चुकवली.

"सांग ना, काय म्हणतोय?"

"काही नाही रे. त्यांचं आपलं चाललंय."

"ऋजुता."

तिने सुस्कारा सोडला. "या चिलखताबरोबर लोखंडी मुखवटा येतो ना, तो चढवायचा म्हणतोय. मुखवटा चढवून त्यांचा एक स्टंटवाला उभा करायचा. उंची तुझ्याएवढी आहे. वार तो करेल, उभाही तोच राहील. आत कोण आहे ते कुणाला कळणार नाही."

"आणि माझा चेहरा?"

"आधीच्या सीनमध्ये आहेच की, असं म्हणतोय."

तिकडे माझ्या रंगात दुसरा माणूस, इकडे माझ्या चिलखतात दुसरा माणूस. एवढा समुद्र ओलांडून येऊन मी पुन्हा गवतातच. आणि या वेळी दोष द्यायला अण्णाही नव्हते, परागही नव्हता. माझेच गुडघे होते.

बाईंनी समोरच्या डोंगराकडे एकदा बघितलं. मग माझ्याकडे न बघता दोन वाक्यं बोलल्या.

"जेवण झाल्यावर एकदाच," ऋजुताने सांगितलं. "नाही जमलं तर मुखवटा."

जेवणाच्या सुट्टीत मी सामानाच्या ट्रकमागे जाऊन बसलो. हातात भाताचा गोळा होता, तो तसाच धरून बसलो. थोड्या वेळाने इसोबे-सान आले, शेजारी मांडी घालून बसले आणि ऋजुतालाही हाताने खूण करून बसवलं.

"हे विचारतायत, पडायला कुणी शिकवलं?"

मी महानाट्याचं सांगितलं. तीन मरणं सांगितली, डोक्यावरचं बदलायचं सांगितलं. ऋजुता भाषांतर करत होती आणि इसोबे-सानच्या चेहऱ्यावर गावाकडचा माणूस परमुलखात भेटावा तशी खुशी पसरत होती.

"तीनदा!" ते म्हणाले. "एकाच खेळात! मी एका पिक्चरमध्ये दोनदा मेलो होतो, तर दिग्दर्शकाच्या लक्षात आलं आणि ओरडा खाल्ला."

मी हसलो. हसायचं नव्हतं, पण हसलो.

"घरचे बघायला येतात?" त्यांनी विचारलं.

"अम्मा येते. पण मी मरायच्या आधी उठून जाते."

इसोबे-साननी मान डोलवली. "माझी बायको यायची. पिक्चर संपलं की विचारायची, 'तुम्ही कुठे होतात? मला दिसलाच नाहीत.' मी सांगायचो, 'अगं, तू हिरोकडे बघत होतीस म्हणजे मी काम नीट केलं.' शेवटपर्यंत तिने मला कधी बघितलं नाही." मग म्हणाले, "पडणाऱ्याकडे कुणी बघता कामा नये. आपण पडायचं, आणि लोकांची नजर उभ्या माणसावर जायची. तेवढाच आपला धंदा."

"पण मला उभं राहता येत नाही," मी म्हटलं. "तुम्ही ओरडलात की मी संपतो. डोकं सांगतं उभा राहा, अंग ऐकत नाही."

ऋजुताने हे फार हळू आवाजात सांगितलं. इसोबे-साननी माझ्या हातातला भाताचा गोळा माझ्या तोंडाकडे ढकलला, खा म्हणून. मी खाल्ला. मग त्यांनी विचारलं, "तू स्वतः पडतोस तेव्हा तुला तुझं पडणं दिसतं का?"

"नाही."

"दुसरा कुणी तुझ्यासाठी कधी पडला आहे?"

मी विचार केला. विजापूरचा, मोगलांचा, सिद्दीचा. "नाही," मी म्हटलं. "कधीच नाही."

"मग उभं राहायचा विचार सोडून दे." ते उठले, धोतरासारखा खोचलेला घोळ झटकला. "आता मी पडेन ते बघ. आयुष्यभर जेवढं शिकलो तेवढं सगळं घालून पडणार आहे. तू कसलेला पडणारा आहेस, तुला त्यातलं कळेल. नीट बघ. पायापासून बघ. मग मला सांग, कुठे चुकलो."

ऋजुता भाषांतर करता करता थांबली आणि त्यांच्याकडे बघतच राहिली.

सावली डोंगराच्या पायथ्याशी आली होती. मुखवटावाला स्टंटमन चिलखत चढवून एका बाजूला तयार उभा होता. मुखवटा त्याच्या काखेत होता. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि तीनदा बघितलं. बाईंनी मानेने खूण केली. नागाईने हात खाली आणला.

इसोबे-सान ओरडले.

काय ओरडले! आधीचे तीन टेक म्हणजे गुणगुणणं वाटावं असे ओरडले. माझे गुडघे सुटायला लागले, मला स्पष्ट जाणवलं, सुटायला लागले. आणि मी खाली त्यांच्या पायांकडे बघितलं.

ते धावत येत होते आणि धावतानाच त्यांच्या पडण्याची तयारी चालली होती. कुणाच्या बापाला कळली नसती, मला कळली. डावी टाच जरा जास्त टेकत होती. अरे वा, मी मनात म्हटलं, म्हणजे उजवीकडे वळणार. माझं पाऊल केव्हा पडलं, तलवार केव्हा फिरली, मला पत्ता नाही. मी बघत होतो. वार बसला तेव्हा त्यांनी श्वास सोडला नाही. आम्ही सगळे सोडतो. त्यांनी तो आत घेतला, एखाद्याला अचानक काहीतरी आठवावं तसा. मग उजव्या पायाचा अंगठा जमिनीवरून सुटला. अंगठा! मग हात, पण तलवार गळून पडली नाही. त्यांनी ती हळूच खाली नेली, झोपलेलं मूल ठेवावं तशी. आता पडतील, आता पडतील, असं मला वाटत होतं आणि ते तसेच उभे होते. आणि मग ते नव्हते. गवत हललं आणि मिटलं. आवाज झाला नाही.

या अल्ला, मी म्हटलं, हे असं असतं होय!

मी गवताकडे बघतच राहिलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते पुसायचंही सुचलं नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. कुणीतरी कट म्हटलं, मग आरडाओरडा झाला, टाळ्या झाल्या, नागाई चक्क टोपी उडवत नाचत होता, आणि मी अजून त्या अंगठ्याचाच विचार करत होतो.

"इद्रिस!" ऋजुता धावत आली. "इद्रिस, अरे उभा आहेस तू! उभा आहेस!"

मी खाली माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. उभा होतो.

रीतीप्रमाणे मी गवतात शिरलो आणि इसोबे-सानना हात दिला. त्यांनी तो धरला, पण उठायची घाई केली नाही. तसेच पडून माझ्याकडे बघत राहिले.

"कुठे चुकलो?" त्यांनी विचारलं. ऋजुताला भाषांतर करावं लागलं नाही.

मी मान हलवली. कुठेच नाही.

पिक्चर झालं, लागलं, गाजलं. एका जपानी वर्तमानपत्राने लिहिलं, की शेवटच्या दृश्यात त्या परदेशी योद्ध्याच्या चेहऱ्यावर विजयाचा लवलेश नाही, शत्रूबद्दलचा अथांग शोक आहे. ऋजुताने ते मला फोनवर वाचून दाखवलं आणि आम्ही दोघे हसून हसून बेजार झालो. शोक कसला! मी तोंडात बोट घालायचा तेवढा राहिलो होतो.

मुरूडला ते शाळेच्या हॉलमध्ये दाखवलं. खाली मराठी ओळी ऋजुताने लिहिल्या होत्या आणि त्यासाठी ती खास आली होती. सगळं गाव लोटलं. होडीवाले आले, 'क्रूर सिद्दी'वाला गाइड आला, पुण्याहून अण्णा आणि पराग आले. अण्णा मला बघून नुसतेच खाकरले. अम्मा माझ्या शेजारी, नवी ओढणी घेऊन बसली होती. पहिला तासभर मजेत गेला. मी घोड्यावरून आलो तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि अम्मा पुटपुटली, "अंगाने सुकलास तिथे."

मग भिंतीवर ते गवत आलं. तलवारी निघाल्या. अम्मा उठली.

"मी जरा चहा..."

"अम्मा, बस."

"नको रे. तुला ठाऊक आहे ना, मला नाही बघवत."

"माझा हात धर. मी इथे आहे ना तुझ्याजवळ? बस."

ती बसली. माझं मनगट धरलं आणि डोळे गच्च मिटून घेतले. इसोबे-सान ओरडले. सगळा हॉल दचकला. अम्माची नखं माझ्या मनगटात रुतली आणि रुतूनच राहिली. मग हॉलमध्ये सगळं शांत झालं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. बघ समोर."

भिंतभर माझा चेहरा होता. काळा, घामेजलेला, डोळ्यांत पाणी, आणि उभा. अम्माने त्याच्याकडे बघितलं, मग वळून शेजारच्या माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा भिंतीकडे.

"उभा आहेस," ती म्हणाली.

"उभा आहे अम्मा."

मागच्या रांगेतून एक गोरं मनगट माझ्या खांद्यावरून पुढे आलं आणि माझ्या मनगटाला टेकलं. "शेड बरोबर आलीय रे," पराग म्हणाला. "कानामागेसुद्धा."

दिवे लागले. लोक उठून टाळ्या वाजवत होते, कोणी माझं नाव घेऊन ओरडत होतं. अम्मा मात्र रिकाम्या भिंतीकडे बघत बसली होती.

"आणि तो म्हातारा कोण रे?"

"ते इसोबे-सान. पण तू तर डोळे मिटले होतेस ना?"

"एक जरासा किलकिला ठेवला होता," ती ओशाळून म्हणाली. "तुझ्याकडे बघायचा धीर होईना, म्हणून त्याच्याकडे बघत बसले. किती नीट पडला बिचारा. आवाजसुद्धा नाही केला." ओढणीच्या टोकाने तिने डोळे पुसले. "त्याच्या घरचं कोणी आलं होतं का रे, बघायला?"

दुसऱ्या दिवशी ऋजुताने इसोबे-सानना फोन लावला आणि अम्मा काय म्हणाली ते जसंच्या तसं जपानीत सांगितलं. मग ते बोलले आणि ऋजुताने फोनवर हात ठेवून मला सांगितलं, "म्हणतायत, तुझ्या आईला सांग, म्हणजे माझं काम बिघडलं. तिची नजर माझ्यावर यायला नको होती."

मी हसलो. ऋजुताही हसली. तेवढ्यात पलीकडून पुन्हा त्यांचा आवाज आला, अगदी हळू, आणि तिचं हसू थांबलं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ती काय म्हणाली ते परत एकदा सांग."